मदत हवी आहे: मॉक ड्रिलनंतर नव्या सिस्टर बोलतच नाहीत

नमस्कार. मेळघाटातल्या ग्रामीण रुग्णालयात नव्या स्टाफ नर्सना प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं मॉक ड्रिल देते. गर्भाशयाचा मसाज, गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप, हात भराभर चालतात. नंतरच्या चर्चेत मात्र सगळ्या गप्प, "मॅडम, तुम्हीच सांगा ना."

'काय जमलं, काय बदलाल' विचारून झालं. चिठ्ठ्यांवर छान लिहितात, पण वाचून दाखवलं की चूक कुणाची हेच शोधतात. इन्चार्ज सिस्टरना बाहेर बसवलं तर थोडं मोकळं होतं, पण वॉर्डातले बदल त्यांच्याच हातात, त्या हव्यातच. व्हिडिओ नको, मुली घाबरतात. ड्युटी बदलताना वीसच मिनिटं मिळतात.

रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड प्रसूतीनंतर 3 तासांच्या आत द्यायचं हे सगळ्यांना पाठ, तरी ड्रिलमध्ये ते राहून जातं. त्या क्षणी मनात काय चाललं होतं, हे दोष न वाटता काढून घ्यायला पहिला प्रश्न नेमका कोणता विचारता?