अमेरिकेतली पीएचडी, गाईड आणि ध्यानवर्ग

निवडुंग: 'अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आपल्या मुलांना एकटेपणा खातो, विद्यापीठांनी ध्यानवर्ग आणि दिवाळी मेळावे वाढवावेत' हा धागा वाचून राहवलं नाही. झोप उडते ती पैशामुळे. आरएशिप, म्हणजे संशोधन-सहाय्यकाचा पगार, गाईडच्या ग्रँटमधून, फीमाफी तिच्याच जोडीला. ती थांबली की फी भरायची कशातून? सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. फी नाही, तर पूर्णवेळ नोंदणी नाही, आणि एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरचा दर्जा, संपला. गाईडशी फाटलं तर विभाग एक सत्र पगार देईल, अशी लेखी हमी हवी.

पाणकणीस: असहमत. व्हिसा गाईडच्या हातात नसतो, आय-२०, म्हणजे त्या व्हिसामागचं प्रवेशाचं प्रमाणपत्र, विद्यापीठ देतं. त्याच विभागात लॅब बदलली तर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) ट्रान्सफर लागत नाही, आय-२० वरचा पैशांचा स्रोत तेवढा बदलून घ्यायचा. हे ठाऊक नसल्यामुळे मुलं सोसत राहतात. सीनियर लोक ते दिवाळी मेळाव्यातच सांगतात, तेव्हा मेळाव्यांना नावं ठेवू नका.

बाभूळबन: मन खचलं असेल तर सरळ एक सत्र घरी यावं. आईवडील कशाला आहेत?

निवडुंग: कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका! ५ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की नवा आय-२०, सेविसचे ३५० डॉलर पुन्हा, ओपीटीसाठी (शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या नोकरीची परवानगी) लागणारं शैक्षणिक वर्षही पहिल्यापासून. त्यापेक्षा मेडिकल आरसीएल, म्हणजे आजारपणामुळे कमी कोर्स घ्यायची परवानगी, घ्या. एका पदवीला एकूण १२ महिने मिळतात, मंजुरी दर सत्राला. आधी डीएसओची (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) मंजुरी, मगच कोर्स ड्रॉप. उलटं केलं तर स्टेटस गेलं.

पाणकणीस: त्यासाठी आजारपणाचं पत्र कुणाचं, तेही सांगा ना! एमडी किंवा डीओ डॉक्टरचं, नाहीतर परवानाधारक सायकॉलॉजिस्टचंच चालतं. कौन्सेलिंग सेंटरमधल्या सोशल वर्करचं पत्र परत येतं आणि तोवर ड्रॉपची मुदत टळते. ध्यानवर्गाच्या पत्रकावर ही एक ओळ छापली तरी किती मुलं या संकटातून सुटतील.

बाभूळबन: नुसते कागद नाचवताय. आजारी मुलानं खोलीत एकट्यानं बसायचं? आणि आरसीएलवर स्टायपेंड चालू राहतो का, ते आधी सांगा.

निवडुंग: बऱ्याच ठिकाणी नाही. असिस्टंटशिपला पूर्णवेळ नोंदणीची अट असते, विमाही तिलाच जोडलेला. एवढा मुद्दा तुमचा मान्य. पण घरी यायचंच तर डीएसओला आधी सांगून. त्याने विथड्रॉवल (सत्र मध्येच सोडणं) नोंदवलं की १५ दिवसांत निघायचं आणि ५ महिन्यांच्या आत परतायचं.

पाणकणीस: मग तुमची ती पगाराची हमी आरसीएललाही लावा, आणि विभागाच्या पैशातून. ग्रँटचा पगार सहसा केलेल्या कामापोटीच देता येतो. गाईडची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात.