गणपतीआधी कापली जाणारी रानफुले

प्रश्न (लोकमान्यनगरकर)
इंदूरला आमच्या वसाहतीच्या मागील रस्त्यालगत काळ्या मातीचा साधारण ७० मीटरचा पट्टा मोकळा आहे. श्रावण लागला की त्यात केना, तेरडा, कुर्डू आणि जमिनीला बिलगलेली निळी विष्णुक्रांता आपोआप उगवते. मात्र गणपतीपूर्वी साफसफाई म्हणून सगळे यंत्राने कापले जाते आणि दूर्वा-आघाडा विकत आणायला आम्ही राजवाड्याला जातो. रहिवासी मंडळात विषय काढला, तेव्हा साप, डास आणि स्वच्छतेतला शहराचा पहिला क्रमांक, अशा तीन हरकती आल्या. हा पट्टा राखायचा झाल्यास सुरुवात कशी करावी?

उत्तर (रानवाटा)
कापणी बंद करा असे म्हणू नका, ती पुढे ढकला असे म्हणा. बहुतेक पावसाळी फुलांचे बी दिवाळीच्या सुमारास पिकते. त्यानंतर एकदाच कापून, कापलेले चार दिवस तिथेच वाळू द्यावे, म्हणजे बी खाली झडते आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांत जाऊन बसते. रस्त्याच्या बाजूची दोन फूट कड आणि वळणावरचा भाग मात्र नियमित कापावा. त्यामुळे समोरचे वाहन दिसते, सापाचे भय कमी होते आणि पट्टा दुर्लक्षित नसून राखलेला आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळते. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, केन्यात नव्हे. खत किंवा बाहेरची माती घालू नये; त्याने दांडगे तणच माजते.

उत्तर (जुनी माळीण)
वरील सल्ल्यात गाजरगवत राहिले, आणि खरी मेहनत तिथेच आहे. एकेक झाड हजारो बिया टाकते, म्हणून पांढरी फुले येण्याआधी, पावसाने माती ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असणाऱ्यांनी या कामापासून दूर राहावे. त्याच्या पानांवर पांढुरके, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका, कारण ते गाजरगवत खातात म्हणूनच मेक्सिकोहून आपल्या देशात आणले गेले. रिकाम्या झालेल्या जागी टाकळ्याचे, म्हणजे इकडच्या चकवडाचे, बी उन्हाळ्यात टाकल्यास तो गाजरगवताला दाबतो. ‘रानफुले’ म्हणून पाकिटात मिळणारा पिवळा कॉसमॉस मात्र कृपया पेरू नका, तोही मेक्सिकोचाच.

लोकमान्यनगरकर
दोघांचेही आभार. मंडळापुढे यंदा फक्त २० मीटरचा प्रस्ताव ठेवतो, कडेच्या कापणीसह. हरतालिकेची पत्री तिथूनच घेता येईल, हे ऐकून आमच्या सचिवांच्या आईंनी आताच पाठिंबा दिला आहे, त्यामुळे सचिवांचा प्रश्न बहुधा सुटला. माळीणबाई, तुमच्याकडे टाकळ्याचे बी असल्यास मूठभर मिळेल का?