खिडकीतला हा कोळी 'तुकारामी' असेल का?

बाल्कनीतली_बाग
आमचं घर कल्याणला. आठवडाभर खिडकीच्या गजावर एक बारका कोळी दिसतोय, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. जाळं विणत नाही. माशी बसली की गर्रकन तिच्याकडे तोंड करतो, दबकत पुढे सरकतो आणि झेप घेतो. काल माझ्या बोटाकडेही असाच वळून बघत होता. ठाणे-कल्याण भागातल्या एका कोळ्याला तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलंय ना? हा तोच का? रंग राखाडी, पोटाच्या दोन्ही कडांना काळे पट्टे. सासूबाईंना सांगून ठेवलंय, तिथे झाडू नका मारू म्हणून.

रानवाटा
ताई, झाडू थांबवलात, फार बरं केलंत.

नाव आयसियस तुकारामी. ध्रुव प्रजापती आणि सहकाऱ्यांनी 2021 साली तो नवी प्रजाती म्हणून नोंदवला. मी ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा गलबलून आलं. गिरगाव चौपाटीवर ओंबळेसाहेबांनी कसाबच्या बंदुकीची नळी सोडली नाही, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. 2009 साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आता जगात कुठेही या कोळ्याबद्दल लिहिलं, तरी हेच नाव लिहावं लागणार.

पण तुमचा पाहुणा बहुधा तो नाही. भिंती-खिडक्यांवरचा राखाडी, काळ्या कडांचा म्हणजे मेनेमेरस बायव्हिटॅटसची मादी असावी. हाही उड्या मारणाराच. खात्री फोटोवरून होत नाही. नराच्या तोंडाजवळचे दोन आखूड स्पर्शपाद आणि मादीच्या पोटाखालचा जननभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्यासाठी मात्र त्याला पकडू नका.

आठ_डोळे
तो वळून का बघतो, ते सांगतो. बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळते, मग तो समोरचे दोन मोठे डोळे तिकडे रोखतो. बारकावे त्यांनाच दिसतात. झेपेच्या वेळी पायांत रक्ताचा दाब एकदम वाढतो आणि पाय ताठ होतात. उडण्याआधी रेशमाचा धागा गजाला चिकटवलेला असतो. उन्हात तिरकं बघा, दिसेल.

बाल्कनीतली_बाग
दिसला धागा! सासूबाईंनीच आधी बघितला. आणि चौकटीच्या कोपऱ्यात पांढरी, बोटाच्या पेरापेक्षाही लहान पिशवी विणलीय. संध्याकाळी त्यात शिरून बसतो.

रानवाटा
ते त्याचं रात्रीचं घर. खिडकी पुसताना तेवढा कोपरा सोडा.