निळू फुले यांचा खलनायक अभ्यासायचा तर कुठून सुरुवात करावी?

एकांकिकावाला: एकांकिकेत साखर कारखान्याचा चेअरमन उभा करायचा आहे. दिग्दर्शक म्हणतात, निळूभाऊ बघ. यूट्यूबवर सगळे 'बाई, वाड्यावर या'चे नकलाकारच. नेमकं काय बघू?

तिसरी घंटा: नकला आधी बंद. घोगरा आवाज काढायला पोरं घसा आवळतात, मग चौथ्या वाक्याला खोकला आणि शेवटच्या रांगेला काही ऐकूच जात नाही.

'सामना' बघा. जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेला. तुमचा चेअरमन म्हणजे त्यातला हिंदुराव धोंडे पाटीलच. पहिल्यांदा कथेसाठी बघा. दुसऱ्यांदा डॉ. लागूंचा मास्तर बोलत असताना फक्त हिंदुरावाकडे बघा. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं नाव निघालं की तो काय लपवतो, ते टिपून ठेवा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघा.

तालमीत सगळे संवाद एकदा निम्म्या आवाजात म्हणा. धमकी तरीही पोचली, तर पात्र सापडलं. प्रयोगात मात्र श्वास पोटातून घ्या. निळूभाऊंचं ते हळू बोलणं कॅमेरा आणि माइकसाठी होतं, रंगमंचावर ते जसंच्या तसं चालणार नाही.

फडकरी: थोडी भर. ते सिनेमातून नाटकाकडे आले नाहीत, उलट झालं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, आणि १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त झेलेअण्णा. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, समोरच्याचं वाक्य पडू द्यायचं आणि मग उचलायचं, ही सवय तिथली. त्यांच्या खलनायकात जो मिश्कीलपणा आहे तो तिथूनच येतो. तो गाळला की उरतो नुसता गुरगुरणारा पाटील.

एकांकिकावाला: खलनायकाच्याच भूमिका बघितल्या तर पुरेल?

तिसरी घंटा: नाही. 'सिंहासन' (१९७९) मधला पत्रकार दिगू टिपणीस बघा. तिथे पाटीलकी नाही, अधिकार नाही. माणूस बहुतेक वेळ ऐकतो आणि बघतो. 'सामना'नंतर लगेच लावलात तर कळेल, की दरारा चेहऱ्यात नव्हता, भूमिकेसाठी घडवलेला होता. हिंदीत 'सारांश' (१९८४) मधला गजानन चित्रे. शहरी पुढारी आहे, म्हणजे ग्रामीण बोली काढून घेतल्यावर काय उरतं ते तिथे दिसतं.

फडकरी: आणि तेंडुलकरांचं नाटक 'सखाराम बाइंडर', त्यात सखाराम निळूभाऊंनी केला होता. १९७२ चा प्रयोग आता बघता येणार नाही, पण संहिता मिळते. सखाराम क्रूर आहे, पण स्वतःच्या नियमांनी वागणारा आहे. त्याला स्वतःचं सगळं बरोबरच वाटतं. तुमच्या चेअरमनलाही तसंच वाटायला हवं. प्रत्येक प्रवेशाआधी, 'मी आज गावाचं काय भलं करतोय?' याचं एका ओळीत उत्तर वहीत लिहा. उत्तर सुचलं नाही, तर संहितेत गडबड आहे, लेखकाला विचारा.