'जपी गया' ही टंकनचूक आहे का?

धुळ्याची सून : सासूबाईंच्या आठवणी दिवाळी अंकासाठी लिहून काढतेय. त्यांचं खान्देशातल्या अहिराणी बोलीतलं एक वाक्य आहे, 'बाप कपाशीना ढिगवर जपी गया.' मुद्रितशोधकांनी 'जपी' खोडून 'झोपी' केलं, समासात 'टंकनचूक' लिहिलं आणि 'गया' मात्र तसंच ठेवलं! मी पुण्यात वाढले. लग्नानंतर पहिल्याच दुपारी नणंद म्हणाली, 'माय जपेल शे.' मला वाटलं, जप चाललाय. पाय न वाजवता तासभर देवघराबाहेर बसले. सासूबाई मागच्या खोलीत गाढ झोपल्या होत्या. म्हणजे बाहेरचा माणूस गोंधळतो, हे कबूल. पण चूक? 'जपी' ठेवून खाली अर्थ देऊ का?

अमळनेरकर : जपीच ठेवा. आम्हाला 'जप लागनी' (झोप लागली) आणि 'जप उनी नही' (झोप आली नाही) एवढंच ठाऊक. 'झ' झिजून 'ज' झाला, दुसरं काय.

शब्दवेडा : मला उलट वाटतं. जपणे म्हणजे सांभाळणे. तान्ह्या बाळाला जपणं म्हणजे थोपटून निजवणंच की. मूळ तिथे आहे.

अमळनेरकर : ढिगावर आडव्या झालेल्या बापाला कोण थोपटत होतं?

रावेरची लेक : सगळा खान्देश अहिराणी नाही हो. आमच्या रावेर-यावलकडे लेवा गणबोली, आम्ही झोपतोच. आसोद्याच्या बहिणाबाईंची बोलीही लोक बेधडक अहिराणी म्हणून सांगतात, वाईट वाटतं.

निवृत्त गुरुजी (भुसावळ) : अंक साऱ्या महाराष्ट्रात जाणार. वाचक अडखळू नये. 'झोपी गेला' लिहा.

अमळनेरकर : गुरुजी, 'वामकुक्षी' छापलेली चालते, आमची 'जप' का नाही? भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशी, म्हणजे आमची अहिराणी, भिल्ल भाषांबरोबर घातली. ते पटो न पटो, निदान त्याने तिला चूक म्हटलं नाही.

निवृत्त गुरुजी : वामकुक्षी आमच्या घरात रोजचा शब्द होता. वडील जेवण झालं की ओट्यावर डाव्या कुशीवर पडायचे, डोक्याखाली पाटावर घडी केलेलं उपरणं. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. खरी झोप रात्री धाब्यावर. संध्याकाळीच पाणी मारून ठेवायचं, तरी गोधडीखालून ऊब लागायची.

बीडकर : धाबं म्हणजे आमचं माळवदच ना?

रावेरची लेक : तेच. मातीचं सपाट छप्पर.

धुळ्याची सून : सोमवारी मुद्रितं परत द्यायची आहेत. खाली अर्थ देऊन 'जपी' ठेवलं तर गुरुजी, तुमची हरकत आहे का?

निवृत्त गुरुजी : आहे. आणि बीडकर, आमच्याकडे पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकतात, पांढरी माती. नाही टाकली तर पहिल्याच पावसात घर गळतं. तुमच्याकडे काय टाकतात?