आर्सेनल : राखीव बाक भरला, पण आक्रमणाचे काय?

रात्रपाळी (प्रश्न)

खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत १ सप्टेंबर २०२५ ला संपली आहे आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे इंग्लंडच्या प्रीमियर लीगलाही सुट्टी आहे, तेव्हा हा विषय निवांतपणे मांडतो. या उन्हाळ्यात आपल्या आर्सेनल फुटबॉल क्लबने आठ खेळाडू आणले : झुबिमेंडी, ग्योकेरेस, एझे, मडुएके, नॉरगार्ड, मोस्केरा, केपा आणि अगदी शेवटच्या दिवशी लेव्हरकुसेनकडून लोनवर इंकापिए. खर्च २५ कोटी पौंडांच्या आसपास गेला. क्रीडा संचालक म्हणून आंद्रेआ बेर्टा यांचा हा पहिलाच उन्हाळा, आणि त्यांनी हात आखडता घेतला असे कोणी म्हणणार नाही.

गेल्या मोसमाचे दुखणे आपल्या सर्वांना पाठ आहे. आघाडीच्या फळीतले डिसेंबरमध्ये साका, जानेवारीत जेझुस आणि फेब्रुवारीत हावर्ट्झ जायबंदी झाला. त्यानंतर मधल्या फळीतील मेरिनोला पुढे उभे करून प्रशिक्षक आर्टेटा यांनी कसाबसा मोसम रेटला. लेस्टरविरुद्ध मेरिनोने शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल करून तो सामना वाचवला हे खरे. परंतु फेब्रुवारीपासून जवळजवळ बाहेरच असलेल्या हावर्ट्झचे ९ गोल लीगमध्ये आपल्या संघाकडून अखेरपर्यंत सर्वाधिक राहावेत, यावरून आघाडीची दुरवस्था कळते. २०२३-२४ मध्ये आपण लीगमध्ये ९१ गोल केले होते. २०२४-२५ मध्ये ते ६९ वर आले, १४ सामने बरोबरीत सुटले आणि ७४ गुणांवर सलग तिसऱ्यांदा आपण दुसरे राहिलो.

आता माझा प्रश्न. संख्येची उणीव भरून निघाली, हे मान्य. मात्र ३१ ऑगस्टला लिव्हरपूलविरुद्ध त्यांच्या ॲनफिल्डवर मधल्या फळीत राइस, झुबिमेंडी आणि मेरिनो हे तिघे होते. एझे आणि ओडेगार्ड बाकावर बसले होते आणि दोघेही सत्तराव्या मिनिटाच्या आसपास मैदानात आले. ओडेगार्डचा खांदा लीड्सविरुद्ध दुखावला होता, म्हणून त्याचे बाकावर असणे समजू शकते. परंतु एवढी खरेदी केल्यानंतरही मोठ्या सामन्यात पहिला विचार सावधपणाचाच होणार असेल, तर या भरलेल्या बाकामुळे आक्रमण बदलेल, की प्रशिक्षकांना सावध राहण्यासाठी आणखी चार पर्याय मिळतील, एवढेच होईल? आणि नवा स्ट्रायकर ग्योकेरेस याला गोल करता यावेत, यासाठी त्याच्या मागे नेमकी कोणती रचना हवी?

जुना हायबरी

प्रश्न रास्त आहे, पण ॲनफिल्डच्या सामन्याचा आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. त्या सामन्यात पाचव्याच मिनिटाला बचावपटू सलिबाला बाहेर जावे लागले आणि इंग्लंडमध्ये नुकताच आलेला मोस्केरा त्याच्या जागी उभा राहिला. गतविजेत्या संघाला त्यांच्याच मैदानावर आपण जवळजवळ काहीही मिळू दिले नाही. ८३व्या मिनिटाला सोबोस्लायने कोणालाही अडवता आली नसती अशी लांबून फ्री किक मारली, म्हणून हरलो.

आता हीच परिस्थिती मार्च २०२३ मध्ये कशी होती ते आठवून पाहा. युरोपा लीगमध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगविरुद्धच्या एकाच सामन्यात सलिबा आणि तोमियासू हे दोघेही जायबंदी झाले, सलिबाच्या जागी होल्डिंगला खेळवावे लागले, आणि एप्रिलमध्ये लिव्हरपूल, वेस्ट हॅम व साउदॅम्प्टन यांच्याशी सलग तीन बरोबऱ्या होऊन हातातली लीग सुटली. त्या तीन सामन्यांत आपण सात गोल केले होते. गोल आपण करतच होतो, खाल्लेही सातच. ज्यांनी तो एप्रिल पाहिला आहे, त्यांना मोस्केरा आणि इंकापिए यांची खरेदी ही या उन्हाळ्यातील सर्वांत महत्त्वाची खरेदी वाटली, तर त्यात नवल नाही. डाव्या बाजूला कालाफिओरी, लुइस-स्केली आणि इंकापिए, उजव्या बाजूला टिंबर आणि व्हाइट, मध्ये सलिबा, गॅब्रिएल आणि मोस्केरा, अशी बचावफळी मी या क्लबमध्ये बऱ्याच वर्षांत पाहिलेली नाही.

१४ बरोबऱ्यांचे सगळे खापर आघाडीवर फोडणेही योग्य नाही. ब्रायटनविरुद्ध राइसला आणि मँचेस्टर सिटीविरुद्ध ट्रोसार्डला लाल कार्ड मिळाले नसते, तर त्यांतील दोन सामन्यांचा निकाल कदाचित निराळा लागला असता. आणि कॉर्नरचे काय? मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवरचा कालाफिओरीचा एकमेव गोल कॉर्नरवरून झाला, लीड्सविरुद्ध टिंबरचे दोन्ही गोल कॉर्नरवरून झाले. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावे. कॉर्नर-फ्री किकचे प्रशिक्षक निकोलास जोवर यांनी बसवलेले कॉर्नर हेही आक्रमणच आहे.

मध्यरेषा

वरील प्रतिसादातील बचावाविषयीच्या भागाशी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नाचा उत्तरार्ध, म्हणजे ग्योकेरेसच्या मागची रचना, त्यात बाजूलाच राहिला. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

ग्योकेरेसने गेल्या मोसमात स्पोर्टिंगकडून पोर्तुगालच्या लीगमध्ये ३३ सामन्यांत ३९ गोल केले. या आकड्यात पेनल्टीही बऱ्याच आहेत, हे सोडून देऊ. ते गोल तो कसे करत असे, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. रुबेन अमोरिम यांच्या स्पोर्टिंगमध्ये चेंडू हिसकावला की पहिली नजर त्याच्याकडे जात असे. तो मधून सरकून डावीकडे, बचावपटूच्या पाठीमागच्या मोकळ्या पट्ट्यात धाव घेई, चेंडू त्याच्यापुढे आधीच टाकलेला असे, आणि मग अंगबळावर आत शिरून तो फटका मारी. पाठीवर बचावपटूला घेऊन, गोलकडे पाठ करून, छोटे छोटे पास देत खेळणे हे त्याचे बलस्थान नाही; त्याआधी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत असतानाही नव्हते.

आर्सेनलचे आक्रमण मात्र नेमके उलट्या स्वभावाचे आहे. व्हाइट, ओडेगार्ड आणि साका यांचा उजवीकडचा त्रिकोण चेंडू फिरवत राहतो, समोरचा संघ त्या बाजूला ओढला जाईपर्यंत वाट पाहतो आणि मग फट शोधतो. या वाट पाहण्यात दहा-पंधरा सेकंद जातात आणि तोवर प्रतिस्पर्ध्याचे दहाही खेळाडू आपल्या पेनल्टी क्षेत्रापुढे येऊन बसलेले असतात. तेथे पाठीमागे जागाच उरत नाही, मग ग्योकेरेसने धावायचे तरी कोठे? लीड्सविरुद्धचा त्याचा पहिला गोल पुन्हा पाहावा. कालाफिओरीने चेंडू पायात फार वेळ न ठेवता डाव्या कडेने पुढे टाकला, ग्योकेरेस त्यावर धावला, आत वळला आणि त्याने जवळच्या खांबाकडे फटका मारला. हा संपूर्ण स्पोर्टिंगचा गोल होता. लीड्सविरुद्ध हे जमते, मग इतर वेळी का जमू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यासाठी तो पास देण्याची सवय साऱ्या संघाला लागायला हवी, आणि जवळपास सहा वर्षे संयमाचे धडे गिरवलेल्या संघाला ती एका महिन्यात लागत नाही.

दुसरा मुद्दा डाव्या बाजूचा. २०२२-२३ मध्ये आपण ८८ गोल केले, त्यांत ओडेगार्ड व मार्टिनेली यांचे प्रत्येकी १५, साकाचे १४ आणि जेझुसचे ११ होते. चौघांनी दोन आकडी मजल मारली, याचे कारण जेझुस खाली येई, त्याच्याबरोबर एक बचावपटू ओढला जाई, आणि त्या रिकाम्या जागेत डावीकडून मार्टिनेली व मागून, मधल्या फळीतून, झाका शिरत. झाकाचे त्या वर्षीचे ७ गोल लोक विसरतात. तो गेल्यावर त्या जागी हावर्ट्झला खेळवून पाहिले, नंतर राइसला पुढे ढकलले, मग मेरिनो आला. प्रत्येकाने काहीतरी दिले, पण डावी बाजू उजवीच्या तोडीची पुन्हा झालीच नाही.

तेथे एझे बसतो, असे माझे मत आहे, मात्र सरसकट डावा विंगर म्हणून नव्हे. त्याच्या आधीच्या क्लबात, क्रिस्टल पॅलेसमध्ये, प्रशिक्षक ग्लासनर त्याला स्ट्रायकरच्या मागे, किंचित डावीकडे ठेवत आणि रेषेजवळची रुंदी डावा बचावपटू मिचेल सांभाळत असे. म्हणजे एझेला आत राहून चेंडू घेता येई आणि बाहेरच्या बाजूची चिंता त्याला नसे. आपल्याकडे हेच करायचे, तर कालाफिओरीने आत मधल्या फळीत येण्याऐवजी बाहेरून वर जायला हवे, झुबिमेंडीच्या शेजारी राइसने मागे थांबायला हवे आणि उजवीकडे ओडेगार्ड, डावीकडे एझे अशी जोडी ग्योकेरेसच्या मागे हवी. यात मार्टिनेलीची जागा जाते आणि राइसला पुढे धावण्याचा मोह आवरावा लागतो. चेंडू गेला, तर कालाफिओरीच्या मागची जागा उघडी पडते, हा धोकाही आहेच. तो पत्करायचा की नाही, येथेच आर्टेटा यांचा स्वभाव आड येतो. ॲनफिल्डवर त्यांनी उत्तर दिले आहे. मला ते उत्तर पटले नाही.

राखीव बाक

तक्त्यावरची रचना वाचायला छान वाटते, पण १३ ते २८ सप्टेंबर या सोळा दिवसांत आपले पाच सामने आहेत : नॉटिंगहॅम फॉरेस्ट, बिल्बाओत ॲथलेटिक, मग सिटी, लीग कपमध्ये पोर्ट व्हेल आणि शेवटी न्यूकॅसल. साका बाहेर, हावर्ट्झ पुन्हा जायबंदी, या वेळी गुडघ्याने, जेझुस अजून परतायचा आहे. अशा वेळी कोणतीही एक आदर्श रचना सलग तीन सामने टिकत नाही, आणि म्हणूनच मडुएके उजवीकडे व डावीकडे दोन्हीकडे खेळू शकतो, याला किंमत आहे. लीड्सविरुद्ध तो डावीकडे होता, ॲनफिल्डवर उजवीकडे. पाच बदलांचा नियम असल्यावर साठाव्या मिनिटानंतरचा संघ हा निम्मा नवा संघच असतो.

आणखी एक, जे फारसे कोणी बोलत नाही. डिसेंबरअखेर मोरोक्कोत आफ्रिका चषक सुरू होईल तेव्हा लिव्हरपूलचा सालाह जाईल. आपल्या नेहमीच्या अकरांपैकी कोणीही जाणार नाही.

मला काळजी वाटते ती तरुण न्वानेरीची. ओडेगार्डच्या जागी तो, साकाच्या जागीही तो, असे गेल्या वर्षी होते. आता त्याच्यापुढे एझे आणि मडुएके आहेत, आणि लीड्सविरुद्ध पंधरा वर्षांच्या डाउमनने येऊन पेनल्टीही मिळवून दिली. नवा करार झाला, पण मिनिटे कोठून येणार?

रात्रपाळी

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचे आभार. जुना हायबरी, २०२३ चा एप्रिल मीही विसरलेलो नाही, पण त्या वर्षी आक्रमण चांगले आणि बाक रिकामा होता. गेल्या वर्षी बचाव चांगला आणि आक्रमण आटलेले होते. बचाव आणखी मजबूत करून दुसऱ्या आजारावर इलाज होत नाही, एवढेच मला म्हणायचे होते.

मध्यरेषा यांना एक उपप्रश्न : एझेला आत आणायचे आणि मेरिनोला बसवायचे, तर पेनल्टी क्षेत्रात उंच चेंडूवर मागून येणारा माणूस कोण? परवा ७ तारखेला तुर्कस्तानविरुद्ध स्पेनच्या ६-० विजयात मेरिनोने तीन गोल केले, तेही मधल्या फळीतून पुढे येऊन. झाकाची जागा भरायची म्हणता, तर तिथे धावणारा तो आहे; एझे चेंडू पायात मागणारा खेळाडू आहे.

मध्यरेषा

आक्षेप योग्य आहे. म्हणूनच मेरिनोला मी सुरुवातीच्या अकरांत नको म्हणतो, संघात नको म्हणत नाही. प्रतिस्पर्धी थकलेला आणि खोल बसलेला असताना, साठाव्या मिनिटानंतर, त्याच्या धावा अधिक लागू पडतात. तोवर एझेने आणि ओडेगार्डने त्यांना बरेच पळवलेले असेल. ॲनफिल्डवर हा क्रम उलटा झाला : धावणारा आधी आला, घडवणारे नंतर.

शनिवारी संध्याकाळी पाचला फॉरेस्टचा सामना आहे. ग्योकेरेसचे गोल मी मोजणार नाही, कारण नवे प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांच्या हाताखालील पहिल्याच सामन्यात फॉरेस्ट कितपत वर येऊन खेळेल आणि मागे किती जागा सोडेल, हे आज सांगता येत नाही, आणि जागा मिळाली की तो गोल करणारच. डाव्या बाजूला चेंडू आल्यावर आपला खेळाडू तो थांबवून मागे वळतो की मान वर करून लगेच पुढे टाकतो, तेवढेच पाहणार आहे. पहिल्या अर्ध्या तासात तो पास चार-पाच वेळा दिसला, तर तो चुकला तरी चालेल.