मोजणे, तोलणे, जोखणे : युद्धाच्या हिशेबाला क्रियापद कोणतं?

प्रश्न : लेखात एक वाक्य लिहिलं, ‘युद्धात उतरण्याआधी मानवी हानी आणि लाभ मोजले पाहिजेत’, आणि ‘मोजले’पाशी अडलो. माणसांच्या जिवाबद्दल बोलताना तो फार कोरडा वाटतो. ‘तोलले’ चालेल? की ‘जोखले’?

प्रतिसाद : ‘जोखणे’ शत्रूच्या बळासाठी राहू द्या. इथे ‘तोलणे’च हवं. मोजायचं तर वस्तू समोर लागते, म्हणून मोजदाद नंतरची. आधी हाती असतो तो अंदाज. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधला नियम एकेका हल्ल्यापुरता आहे, पण त्याची भाषा बघा : नागरिकांची संभाव्य हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने बेसुमार नसावी. ‘च्या मानाने’ म्हटलं की तराजू आलाच.

आणि तराजूला दुसरं पारडं असतं. न जाण्याचीही हानी असते. १९९४मध्ये रवांडात साधारण शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. कत्तल चालू असताना, एप्रिलमध्येच, सुरक्षा परिषदेने तिथल्या शांतिसैनिकांची संख्या २७०पर्यंत खाली आणायचं ठरवलं. ‘मोजणे’ वापरलं की हे पारडं दिसतच नाही.

दुसरा प्रतिसाद : पटलं, तरी ‘मोजणे’ पूर्ण काढू नका. मराठीत मोजणे म्हणजे गणणे आणि पैसे चुकते करणेही. ‘देशाने मोठी किंमत मोजली’ हे वाक्य रोज वाचतो आणि दर वेळी ‘देशाने’ खुपतं. ठरवणारे वेगळे, मोजणारे वेगळे. पानिपतानंतरचा, १७६१चा तो सांकेतिक निरोप आठवा : मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. खुर्दा म्हणजे सुटी नाणी, म्हणजे शिपाई, बुणगे, सोबत गेलेले यात्रेकरू. त्यांची गणतीच नाही! आजही आपण ‘सैन्याचा खुर्दा उडाला’ असं सहज लिहून जातो. मी तो वाक्प्रचार वापरणं सोडलं आहे.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. वाक्य आता असं केलंय : ‘युद्धात उतरायचं की नाही हे ठरवताना जाण्याची आणि न जाण्याची, दोन्हींची मानवी हानी तोलावी, आणि ती किंमत कोण मोजणार, हे ठरवणाऱ्यांनी आधीच सांगावं.’